औद्योगिक वसाहतीशेजारी नदीकाठी उद्यान उभारणाऱ्यांस सूचना

आपल्या प्रभागातून पवना किंवा इंद्रायणी वाहत असेल, जवळच भोसरी-चिखलीसारखा कारखान्यांचा पट्टा असेल आणि दोहोंमध्ये कोणीही न आखलेली झाडाझुडपांची जागा उरली असेल, तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर ही जागा रिकामी असल्याचे ठामपणे नमूद करावे. पाहणी शक्यतो गाडीत बसूनच करावी. खाली उतरल्यास टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आरडाओरडा करते, कारण तिची अंडी तिथल्याच खडीत उघड्यावर असतात आणि पाहणी अहवालात अंड्यांसाठी रकाना नसतो. करंजाखाली डबा उघडून बसलेले कामगार आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशीही दिसतील. त्यांच्यापैकी कोणाच्याही नावे सातबारा नसल्याने जागेच्या रिकामेपणाला बाधा येत नाही.

त्यानंतर साफसफाई करावी. वाळुंज, उंबर, लव्हाळे हे सारे ‘झुडपे काढणे’ या एकाच बाबीत बसते. महापुरात लव्हाळे वाचते अशी ख्याती असली, तरी जेसीबीपुढे ते टिकल्याचे ऐकिवात नाही. या मुळांनी धरून ठेवलेला काठ मुळे गेल्यावर ढासळू लागतो, आणि ढासळत्या काठाला दगड भरलेल्या जाळ्यांची भिंत हवी हे मग विरोधकांनाही पटते. भिंतीमागे हिरवळ अंथरावी व नदीच्या काठावरच्या त्या हिरवळीला टँकरने पाणी घालावे.

उद्यानाची वेळ सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी चार ते आठ ठेवावी. जेवणाच्या सुट्टीत फाटकाला कुलूप असल्यामुळे शिस्त राहते आणि बाकडी नवी दिसतात.

पाण्याचा प्रश्न नाजूक आहे. आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगतो आणि वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात, हे आता छायाचित्रांमुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. म्हणून वसाहतीतून येणारा नाला पायवाटेखालून जाड नळाने न्यावा आणि त्याचे तोंड भिंतीच्या पायथ्याशी, फिरणाऱ्यांच्या नजरेच्या खाली ठेवावे. वासासाठी रातराणी आहेच. एवढे करूनही आधी सांडपाणी शुद्ध करा, बागेचे नंतर पाहू, असा हेका कोणी धरलाच, तर त्याला अहमदाबादेतला साबरमती नदीचा सुशोभित काठ दाखवावा. तिथे शहरातल्या काठांमधले पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेले आहे, आणि वासणा बंधाऱ्याच्या खाली त्याच नदीतून सांडपाणी व कारखान्यांचे पाणी वाहते, हा तपशील सादरीकरणात घेऊ नये. सभागृहात वेळ कमी असतो.

पूररेषेची मात्र नाहक धास्ती घेऊ नये. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर चढतो ती, आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असली तरी उद्यान, क्रीडांगण यांसारखा मोकळा वापर चालतो, आणि सारी गंमत या सवलतीतच आहे. उद्यान म्हटले की वाट आली, वाटेला काँक्रीट आले, काँक्रीटखाली भराव आला, भरावाला संरक्षक भिंत आली, आणि एवढे चालून दमलेल्या नागरिकाला चहा लागणार म्हणून उपाहारगृह आले. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. त्या मंडळींना आपल्या बंगल्यांना ‘खुला रंगमंच’ म्हणण्याचे सुचले नाही, त्याला आपण तरी काय करणार? भरावाने नदीचे पात्र आवळले गेले तर पाण्याची पातळी वाढेल, अशी शंका एखादा जलतज्ज्ञ काढेल. त्याचे आभार मानून त्याची सूचना इतिवृत्तात नोंदवावी. नोंदवलेली सूचना सहसा पुन्हा डोके वर काढत नाही.

पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की उद्यान पाण्याखाली जाईल. तेव्हा धावपळ नको, म्हणून गाळ काढणे, फाटलेल्या जाळ्या बदलणे आणि हिरवळ नव्याने अंथरणे यांचे अंदाजपत्रक मे महिन्यातच मंजूर करून ठेवावे. उद्घाटनाची कोनशिला तेवढी लाल रेषेच्या वर बसवावी, कारण तिच्यावर मान्यवरांची नावे असतात.