दुपारी घरी कोण असतं?

मन्याला हस्की घ्यायचाय. निळ्या डोळ्यांचं, करडं-पांढरं कुत्र्याचं पिल्लू. विकणाऱ्यानं वय सांगितलंय पाच आठवडे. परवा संध्याकाळी पुण्यात डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या कट्ट्यावर त्यानं फोटो फिरवला आणि अमृततुल्यातून चहा यायच्या आत वाद पेटला. कट्ट्यावरचं बोलणं एरवी तिथंच विरतं. हे मात्र विरू नये असं वाटलं, म्हणून लिहून काढतोय.

गौरी जनावरांची डॉक्टर. फोटो बघून तिनं आधी विचारलं, "तुझा फ्लॅट कितव्या मजल्यावर रे?"

"चौथ्या. सगळ्यात वरचा."

"म्हणजे डोक्यावर स्लॅब. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी घरी कोण असतं?"

"आई असते की. शिवाय हॉलमध्ये एसी लावून देणार आहे मी त्याला."

"आणि गुरुवारी?" पक्या म्हणाला. दुरुस्तीच्या नावाखाली लाईट जायचा वार आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मन्यानं अभ्यास केला होता, हे कबूल करायला हवं. 1925 साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. रेल्वे जिथं संपते तिथून पुढं औषध पोचवायला कुत्र्यांच्या गाड्यांशिवाय इलाज नव्हता. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी साडेपाच दिवसांत हजारावर किलोमीटर बर्फ तुडवला. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. "असलं जिगरबाज जनावर आहे ते! मला शोभेसाठी नकोय."

"अरे, मी तेच तर सांगतेय," गौरी म्हणाली. "सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फात गाडी ओढायला घडवलेली जात आहे ती. अंगावर दुहेरी केस, आतला थर लोकरीसारखा दाट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर पडते. आता पुण्याच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याला गोधडी पांघरून बसव."

"मग केस काढून टाकू उन्हाळ्यात."

"अजिबात नको. तेच केस उन्हापासूनही वाचवतात. मशीन मारलं की कातडी भाजते आणि पुन्हा नीट उगवतील याची खात्री नाही. रोज विंचरून गळणारे केस काढायचे, बस."

पुण्यात हस्की जगतच नाहीत असं तिचं म्हणणं नव्हतं. तिच्याकडे येणाऱ्यांत बरे सांभाळलेलेही आहेत. त्यांचे मालक पहाटे पाचला तळजाई टेकडीवर असतात, सकाळी ऊन चढायच्या आत परततात आणि संध्याकाळी डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघतात. पाच-सात सेकंद हात ठेववला नाही तर कुत्र्याला खाली न्यायचं नाही. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 38 ते 39 सेल्सियस. ते 41 च्या पुढं गेलं की जीव धोक्यात येतो, आणि बंद गाडीत तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही.

पक्या पग या छोट्या जातीच्या बाजूनं बोलेल असं वाटलं होतं, कारण त्याच्या घरी एक होता. पण तोच सगळ्यात कडक बोलला. 2003 च्या सुमाराला एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि घराघरांत पग शिरले, त्यांतलाच त्याचा. "चपटं नाक गोड दिसतं म्हणून घेतला. रात्रभर घोरायचा, आम्ही हसायचो. ते घोरणं म्हणजे त्याची श्वासाची धडपड होती." नाकपुड्या अरुंद, टाळूचा मागचा भाग घशात लोंबणारा. ज्या जातीला धाप टाकूनच गार व्हायचंय तिचा श्वासाचा रस्ताच माणसानं हौसेपोटी आखूड केला. मला याचा मनापासून राग येतो.

बापू आमच्यात वडीलधारे, सोलापूरकडचे. ते तावातावानं म्हणाले, "परदेशी नादच सोडा. कारवान घ्या. नाहीतर मुधोळ. 2005 साली पोस्टानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती, त्यात मुधोळ होता. आमच्याकडच्या माळावर भर उन्हात पळतात ही कुत्री."

"पळतात ना बापू, तिथंच अडतंय," मी म्हटलं. "माळ कुठून आणायचा कोथरूडमध्ये? नजरेनं शिकार हेरणारी जात ती. मांजर दिसलं की पट्टा हातातून सुटलाच समजा." देशी म्हणजे आपोआप सोपं, हे मला पटत नाही. ऊन सोसेल, पण दिवसभर दहा बाय बाराच्या खोलीत पडून राहणं नाही सोसायचं.

"आमच्या वाड्यात राहायची की," बापू म्हणाले. वाड्याला अंगण होतं, हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही.

मग गौरी वयावर आली आणि तिथं ती खरंच चिडली. पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडायचंच नसतं. चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा कळवळला की कधी सोडायचं, हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "आणि आई दाखव म्हण त्याला. पिल्लाची आई, ती राहते ती जागा, लसीची नोंद. टाळाटाळ केली तर उठून यायचं. आईचं दूध लवकर तुटलेलं, लस न झालेलं पिल्लू घरी येतं आणि आठवड्यात पार्वो विषाणूनं रक्ताची हगवण लागते. मी अशी पिल्लं रात्र रात्र सलाईनवर ठेवलीत." लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. महापालिकेचा परवानाही काढावा लागतो.

पावसाळ्यात गोचीड. गोचिडीच्या तापानं प्लेटलेट उतरतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. आणि साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलं की लेप्टो हा आजार, जो माणसालाही होतो. पायाची बोटं, कानांची आतली बाजू रोज चाचपून बघायची.

"आईला सांगेन मी हे सगळं," मन्या म्हणाला.

माझं भांडण इथं सुरू झालं. सगळं आईलाच सांगणार? मन्या सकाळी साडेआठला हिंजवडीसाठी निघतो, रात्री आठला येतो. म्हणजे दुपारचं खाणं, शू, पुसापुशी, दवाखाना, सगळं काकूंवर. हस्कीचा नर वीस-पंचवीस किलोचा होतो. ओढण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं जनावर, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गुडघे धरलेल्या काकू. आपल्याकडे कितीतरी घरांत हेच चालतं. हौस मुलाची आणि राबणं आईचं. तिला कुणी विचारतही नाही की बाई, तुला कुठलं झेपेल? जातीची निवड तिच्यापासून सुरू व्हायला हवी, कारण कुत्र्याचे जागेपणीचे बहुतेक तास तिच्याबरोबर जाणार आहेत. ती प्रेमानं सत्यनारायणाचा शिरा भरवेल आणि त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसेल. कांदा-लसूण घातलेला रस्साही त्याला विषच, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मन्या गप्प झाला. मग जरा वरमून म्हणाला, "मग घेऊ तरी कुठलं?"

"मोठं घे," गौरी म्हणाली. "दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं, एखाद्या संस्थेतलं गावठी. स्वभाव कळलेला असतो, अंगावर आखूड केस, इथल्या हवेत रुळलेलं. काकूंना दोन-तीनदा भेटव. त्यांच्याजवळ शांत बसलं, पट्ट्यावर ओढलं नाही, तर विचार कर."

"मोठं कुत्रं लळा लावत नाही," बापू म्हणाले. हे साफ चूक आहे आणि मी तसं म्हटलंही. खाऊ घालणारा हात आणि ठरलेल्या वेळा मिळाल्या की मोठं कुत्रंही काही आठवड्यांत घरचं होतं. पहिले काही दिवस ते कोपऱ्यात बसेल, तेवढं बसू द्यावं.

मन्यानं हस्कीचा नाद सोडला असं मी म्हणणार नाही. फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. पण त्यानं आमच्यासमोरच विकणाऱ्याला फोन लावून पिल्लाच्या आईला बघायला येतो म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की आई गावाला असते, पिल्लू घरपोच मिळेल. त्यानं फोन ठेवला आणि ॲडव्हान्स पाठवला नाही. शनिवारी काकूंना घेऊन तो गौरीच्या दवाखान्यात येणार आहे. बापूही येतो म्हणालेत, कारवानची बाजू मांडायला.