पाइपमध्ये पहिलं पाणी कधी भरलं?

नवं हॉस्पिटल बांधताना उद्घाटनाच्या तारखेपेक्षा मला दुसरी एक तारीख महत्त्वाची वाटते. पाइपलाइनमध्ये पहिल्यांदा पाणी भरलं ती. ही तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवलीच पाहिजे.

होतं असं, की गळती तपासायला लाइन पाण्याने भरतात, प्रेशर देतात, टेस्ट पास होते. पाणी मात्र आतच राहतं. मग फॉल्स सीलिंग, रंगकाम, अडकलेली बिलं, पुढे ढकललेलं उद्घाटन. तोवर त्या पाण्यातलं क्लोरीन संपतं, पाणी कोमट होतं आणि पाइपच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. एकदा तो धरला की नंतर कितीही क्लोरीन सोडा, पुरता निघणं फार अवघड. म्हणून शक्य असेल तिथे, सुरक्षेची काळजी घेऊन, ही टेस्ट हवेने करावी. पाणी होईल तितकं उशिरा भरावं आणि भरल्यानंतर प्रत्येक नळ, प्रत्येक शॉवर नेमाने सोडावा. त्यासाठी माणूस लागतो, त्याला पगार लागतो. हा खर्च टेंडरमध्येच धरायला हवा.

लिजिओनेला, म्हणजे पाण्यात वाढणारा आणि न्यूमोनिया करणारा जंतू, साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो. म्हणून गरम पाणी ६० अंशांवर साठवायचं, नळापर्यंत ५० च्या वर पोहोचवायचं आणि थंड पाणी २० च्या खाली ठेवायचं. हवामानच उष्ण असेल तर हे शेवटचं जवळपास अशक्य. तिथे पाणी वाहतं ठेवणं आणि क्लोरीन राखणं यावरच भिस्त.

ड्रॉइंगवरचा एक समज मला फार घातक वाटतो: जास्त बेसिन म्हणजे जास्त स्वच्छता. कोणी न वापरलेलं बेसिन म्हणजे साचलेलं पाणी. गरजेपेक्षा मोठी टाकी, जाड पाइप, पुढे लागेल म्हणून सोडलेलं बंद टोक, सगळ्यांचं तेच. सेन्सरचे नळही डोळे झाकून घेऊ नयेत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलने आपले नळ तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले: साध्या नळांपेक्षा सेन्सरच्या नळांत लिजिओनेला जास्त सापडला. आणि बेसिनच्या जाळीवर थेट धार पडली की ड्रेनमधले जंतू आजूबाजूला उडतात. शेजारीच इंजेक्शनं भरायचा ओटा असला तर?

हे कागदी भय नाही. २०११-१२ च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमध्ये नवजात बाळं स्यूडोमोनास या ओलाव्यात वाढणाऱ्या जंतूने दगावली आणि नळ संशयाच्या घेऱ्यात आले. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल २०१५ मध्ये सुरू झालं. २०१८ मध्ये त्याच आवारातल्या मुलांच्या हॉस्पिटलमधून कॅन्सरच्या मुलांना वॉर्डमधून हलवावं लागलं. पाण्याची आणि ड्रेनेजची चौकशी पुढे कित्येक वर्षं चालली. केमोने प्रतिकारशक्ती खचलेलं मूल ज्या पाण्याने हात धुतं, त्याबद्दल ‘चालतंय’ म्हणायचा हक्क कोणालाच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिल्या ड्रॉइंगपासून इन्फेक्शन कंट्रोलचे डॉक्टर आणि मायक्रोबायोलॉजिस्ट टेबलावर हवेत, नळ नाकारायच्या अधिकारासह. ताबा घेण्यापूर्वी टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळापर्यंतचे रिपोर्ट त्यांनी पाहावेत. त्यांची सही नसेल, तर एकही पेशंट आत घेऊ नये, मग उद्घाटनाला कोणीही येणार असो.