एक तारा देणाऱ्या ग्राहकाला उत्तर: खत का विकलं नाही

नमस्कार,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. गांजाच्या रोपांची पानं पिवळी पडताहेत म्हणून खत मागितलं, तर मी ते विकलं नाही आणि पाणी कमी घाला असं सांगून परत पाठवलं. मग दुसरीकडून आणलेलं फुलोऱ्याचं खत घातलं तर रोपं करपली. आणि मराठी माणूस असून पुण्यातल्या भावाला बी पाठवायला मी मदत केली नाही. इथे कॅनडातल्या मिसिसागात पहिल्यांदाच घरी रोप लावणारे आणखी काही जण हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही फोनवर दाखवलेल्या फोटोत पिवळी पडली होती ती खालची, जुनी पानं. बाकीची पानं देठापासून खाली वळलेली, पण जड आणि फुगीर. पाण्यावाचून कोमेजलेलं पान मऊ, पातळ पडतं. हे तसं नव्हतं. रोपं प्लास्टिकच्या बादल्यांत होती, बादल्यांना खाली भोकं नव्हती, आणि पाणी रोज घालतो असं तुम्हीच सांगितलंत. अशा मातीत वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती, कधी येतच नाही. मुळांना हवा मिळाली नाही की मातीत नत्र (नायट्रोजन) असूनही ते वर चढत नाही. मग झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं, आणि बघणाऱ्याला रोप उपाशी वाटतं. त्यावर खत घालणं म्हणजे श्वास कोंडलेल्या माणसापुढे ताट वाढणं. शिवाय पिशवीतल्या मातीत पहिल्या काही आठवड्यांपुरतं खत बहुधा आधीच मिसळलेलं असतं. पिशवीवर तसं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

तुम्ही आणलेल्या बाटलीत मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश). कळीही न आलेल्या रोपाला त्याचा काही उपयोग नव्हता. क्षार मात्र मातीत साठले आणि पानांची टोकं जळली. तसलीच बाटली माझ्याही फळीवर होती. त्या रोपांसाठी मी ती आजही विकणार नाही.

बियांचं सांगतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला. आपल्या ऑन्टारियो प्रांतात १९ वर्षं पूर्ण झालेल्याला घरी रोपं लावता येतात, पण एका घरात ४च. माणशी ४ नव्हेत. बी परवानाधारक दुकानातून किंवा सरकारी ऑनलाइन दुकानातूनच घ्यायचं. माझं दुकान माती, कुंड्या, दिवे आणि खतांचं आहे. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारात मनाई आहे का तेही बघा. रुजणारं बी देशाबाहेर पाठवणं हा इथे १४ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. आणि भारतात विनापरवाना गांजाचं झाड लावलं तर १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तुमच्या भावाला त्या वाटेला लावण्यात मी मदत करणार नाही, मग कितीही गाववाले असोत.

आता रोपांचं. शेंडा अजून हिरवा असेल तर ती वाचू शकतात. बादल्यांना तळाशी भरपूर भोकं पाडा. एकदाच साध्या पाण्याने माती धुऊन क्षार निघून जाऊ द्या, पूर्ण निथळू द्या. त्यानंतर बादली उचलून बघायची सवय लावा: हलकी लागली आणि बोट दोन पेरं आत घातल्यावर माती कोरडी लागली, तरच पाणी. खत सध्या अजिबात नको. जळालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याकडे बघत बसू नका. नवीन पान कसं येतंय ते बघा. दिवा १८ तास ठेवा. फुलोऱ्यासाठी १२ तासांवर आणायचा, पण ते रोप सावरल्यावर, आणि तेव्हा रात्रीचा अंधार मध्येच मोडायचा नाही. घरात मुलं किंवा कुत्रा असेल तर खोलीला कुलूप हवंच.

नवी, कोवळी पानं शिरा हिरव्या राहून मधे पिवळी पडू लागली, तर मात्र दुखणं वेगळं: बहुतेक लोह मिळत नाही, कारण मातीचा सामू (pH) चढलाय. मातीत तो ६ ते ७ च्या दरम्यान हवा. तुमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणा, आणि निथळलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत. दोन्ही मोजून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

दुकानाचा मालक