नखं गुदमरत नाहीत, सोलली जातात

परवा विश्रामबागच्या एका काकूंनी खुर्चीत बसायच्या आधीच मोबाइल पुढं केला. "हे वाच आधी, मग ब्रश हातात घे." तोच फॉरवर्ड. नखं श्वास घेतात, नेलपॉलिशनं गुदमरून पिवळी पडतात, म्हणून महिन्यातले पंधरा दिवस मोकळी ठेवा. बाटली घट्ट झाली तर रिमूव्हर ओता. 'फाइव्ह-फ्री' (म्हणजे पाच ठरावीक रसायनं नसलेली) लिहिलेली घ्या, ती निर्धोक. आणि जेल पॉलिश (दिव्याखाली घट्ट होणारं) लावायचंच तर एलईडी दिव्याखाली, त्यात यूव्ही, म्हणजे अतिनील किरण नसतात.

नखं श्वास घेत नाहीत. दिसतं ते नख म्हणजे केराटिनचा निर्जीव थर, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो आणि त्याला प्राणवायू रक्तातून मिळतो. वर कुठला रंग आहे याचा त्याला पत्ताही नसतो.

नखं पिवळी पडतात हे खरं, पण कारण वेगळं. आता सांगलीत हे मी समजावून सांगायचं? हळदीत दिवसभर हात असणाऱ्या बाईची नखं बघा. ती काय गुदमरली? रंग नखात मुरला, एवढंच. गडद लाल पॉलिशचंही तसंच, म्हणून खाली बेस कोटचा एक पातळ हात द्यायचा. हळद उन्हानं उडते, पॉलिशचा डाग चिवट. तो नखाबरोबर पुढं सरकत जातो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, तेव्हा सहा महिने धरा. (पॉलिश न लावताच नख पिवळं आणि जाड होत असेल, तर माझ्याकडं नको, त्वचेच्या डॉक्टरांकडं जा.)

बाटलीत रिमूव्हर ओतू नका, रंग फाटतो. नेलपॉलिशच्या थिनरचे दोन थेंब पुरतात.

'फाइव्ह-फ्री'ला कायद्याची व्याख्या नाही. टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, डायब्युटिल थॅलेट अशी रसायनं नाहीत म्हटलं तरी त्यांच्या जागी काय घातलंय ते त्यावरून कळत नाही.

एलईडीचं तर साफ खोटं. जेल सुकत नाही, प्रकाशानं घट्ट होतं, आणि या दिव्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर, म्हणजे त्यात यूव्ही-ए हा यूव्हीचाच प्रकार आला. २०२३ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या पेशी अशा दिव्याखाली २० मिनिटं ठेवल्या, तर २० ते ३० टक्के मेल्या. त्यावरून माणसाला कॅन्सर होतो असं ठरत नाही. आपल्या बोटांवर कातडीचा वरचा थर असतो, त्या उघड्या पेशींवर नव्हता. तरी मी टोकं कापलेले हातमोजे देते. त्यात माझं काय जातं?

फॉरवर्डमध्ये नाही ते सांगते. नखांची वाट लागते ती जेल काढताना. कॉलेजच्या एका पोरीनं एसटीत बसल्या बसल्या अंगठ्याचं जेल सोलून काढलं. माझ्याकडं आली तेव्हा नखावर पांढरे चट्टे, कडेला कांद्यासारखे पापुद्रे. जेलबरोबर नखाचाच थर आला होता. असीटोनचा कापूस, वर फॉईल, १० ते १५ मिनिटं दम धरायचा, मग लाकडी काडीनं हलकेच ढकलायचं. नाही सुटलं तर परत फॉईल. खरवडायचं नाही.

आणि घरी जेलचं किट मागवणाऱ्यांनो, कच्चं जेल कातडीला लागू देऊ नका. त्यातल्या अॅक्रिलेटची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि दातात भरायच्या सिमेंटमध्येही त्याच जातीची रसायनं असतात.

काकूंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "बरं, मरून लाव. आधी तो बेस कोट मार, मी बघतेय."