टॅक्टाइल आहे, हात लावू नका

आज दुपारी एका हातमागाच्या प्रदर्शनात गेले होते. एका साडीच्या घडीवर छोटं कार्ड होतं, 'रिच, टॅक्टाइल वीव्ह'. त्याच्या बरोब्बर खाली दुसरं, 'कृपया हात लावू नये'. मी दोनदा वाचलं. स्टॉलवरच्या मुलीला विचारलं, अगं, टॅक्टाइल म्हणजे काय? म्हणाली, "मॅम, म्हणजे प्रीमियम."

डोकंच फिरलं माझं. लॅटिनमध्ये 'टांगेरे' म्हणजे शिवणं, स्पर्श करणं. त्यावरून 'टॅक्टिलिस', आणि सतराव्या शतकात तो शब्द इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थच मुळी 'हाताला कळेल असं' हा होता. म्हणजे एक तर तो शब्द काढा, नाही तर ती पाटी काढा!

माझी आजी दळण आलं की डब्यात ओतायच्या आधी चिमूटभर पीठ अंगठ्यात नि बोटात चोळायची. "चरबरीत आलंय, परत ने." की मी, सात-आठ वर्षांची पोर, डोक्यावर डबा घेऊन पुन्हा गिरणीत. गिरणीवाला माझ्यावर खेकसायचा, पण आजीच्या बोटांशी वाद घालायची त्याची टाप नव्हती. तिला टॅक्टाइल ठाऊक नव्हतं. चरबरीत ठाऊक होतं, रवाळ, मऊसूत, ओशट, खरखरीत, लिबलिबीत. भेंडी चिरल्यावर हात बुळबुळीत होतो आणि नदीतला गोटा गुळगुळीत असतो, या दोन्हींना 'स्मूथ' म्हणणाऱ्याला तिने स्वयंपाकघरात उभं केलं नसतं.

बरं, मान्य. या सगळ्या गोतावळ्याला मिळून एक विशेषण हवं तर टॅक्टाइल सोयीचं आहे, 'स्पर्शग्राह्य' कोणी घरात बोलत नाही. आणि स्टेशनांवर, फुटपाथवर त्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या असतात ना, सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसाने शोधलेल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवलेल्या, त्यांना टॅक्टाइल म्हणणं शंभर टक्के बरोबर. न दिसणाऱ्याच्या पायाला आणि काठीला त्या कळतात. (आपण त्यांच्यावर बाइक लावतो. तो राग पुन्हा कधीतरी.)

घरी आल्यावर चहा घेता घेता या शब्दाचं गोत काढत बसले. टॅन्जंट त्याच घरातला, आपली दहावीची स्पर्शिका. कॉन्टॅक्ट तिथलाच. इन्टॅक्ट म्हणजे न शिवलेलं, म्हणून धड, शाबूत. इंटिजर म्हणजेही न शिवलेला, म्हणून पूर्णांक. किती छान, असं म्हणून पोस्ट इथेच संपवणार होते.

पण मग लक्षात आलं, असा नकार लावून केलेला शब्द आपल्याकडेही आहे. अस्पृश्य. त्यांचं 'न शिवलेलं', आपलं 'शिवू नये असं'. दुपारच्या त्या कार्डासारखं. १९२७ साली महाडला तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून माणसांची डोकी फुटली, ती याच विशेषणापायी.

आणि आता आजीबद्दल जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. आमच्याकडे केरसुण्या घेऊन एक मावशी यायच्या. त्या केरसुणी पायरीवर ठेवून मागे सरकायच्या. आजी तिच्यावर पाणी शिंपडायची, मग उचलायची, आणि पैसे वरून त्यांच्या ओंजळीत सोडायची. ही १९७४-७५ ची गोष्ट, अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं सतरावं कलम येऊन पंचवीस वर्षं होत आली होती. 'तेव्हाची पद्धतच होती' असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहील. होती. पिठाचा कण न् कण ओळखणारी तीच बोटं होती, म्हणून मला जास्त लागतं.

त्या मावशींचा तळहात खरखरीत होता. आजी एकदा सुटे आणायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी माझी सुटलेली वेणी घालून दिली होती. मी आजीला सांगितलं नाही.