लॅपटॉप आपला, किल्ली दुकानदाराच्या ई-मेलमध्ये

'सगळं सेट करून देतो साहेब' म्हणणाऱ्या दुकानदारांना एकदा कोपऱ्यात घ्यायला हवं. विंडोज ११ होमला सेटअपच्या वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतं. हे महाशय मनाला येईल तो ई-मेल बनवतात, त्यात स्वतःचा मोबाईल नंबर घालतात आणि तुमच्या हातात फक्त चार आकडी पिन ठेवतात. पिन त्या एका मशीनपुरता असतो, अकाउंटचा पासवर्ड वेगळा, हे सांगायची तसदी कोण घेणार!

मग पिन चुकतो. काही वेळा चुकला की मशीन ए-वन-बी-टू-सी-थ्री टाइप करायला लावतं, मग रिस्टार्ट. 'पिन विसरलो' दाबा, तर पासवर्ड हवा. पासवर्ड बदलायला जा, तर ओटीपी दुकानात. अकाउंट परत मिळवायचा रिकव्हरी फॉर्म भरा, तर त्यात जुने पासवर्ड आणि पाठवलेल्या मेलचे विषय विचारतात. अरे, त्या पत्त्यावरून आजवर एक मेल गेलेला नाही, विषय कुठून आणू? टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डसोबत कोडही मागणारी सोय, चालू असेल तर तो फॉर्मही चालत नाही.

पासवर्ड माहीत असूनही घेत नसेल, तर आधी उजव्या कोपऱ्यात खाली बघा. तिथे 'मराठी' असेल तर विंडोज की आणि स्पेस दाबून 'ईएनजी' करा. यूके कीबोर्ड निवडलेला असेल तर शिफ्ट-२ ने @ ऐवजी अवतरणचिन्ह उमटतं. डोळ्याचं चिन्ह दाबून ठेवा, काय टाइप झालंय ते दिसतं. कित्येक पासवर्ड इथेच सापडतात.

खरा घोळ पुढे आहे. अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप, गुपचूप चालू होतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. एखादं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं की निळा पडदा ती की मागतो. पडद्यावरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं अकाउंटमधल्या नोंदीशी जुळवायची, पण अकाउंट कुणाचं? मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट ती की काढून देऊ शकत नाही. फाइल्स न पुसता करायच्या 'कीप माय फाइल्स'वाल्या रीसेटलाही तीच लागते. नसेल तर सगळं पुसा, मुलांच्या फोटोंसकट.

म्हणून लॅपटॉप उघडतोय तोवरच सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फोमध्ये जाऊन कुठला ई-मेल आहे ते बघा. तुमचा नसेल तर तिथेच लोकल (फक्त त्या मशीनपुरत्या) अकाउंटवर जा, मग स्वतःचं जोडा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'manage-bde -protectors -get C:' दिलं की रिकव्हरी कीचे ४८ आकडे समोर येतात. ते कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल करून ठेवणारेही भेटतात, त्यांना काय बोलणार!

आणि नवा घेणार असाल तर खोका सीलबंद उचला. सेटअपला अर्धा तास लागतो, घरी बसून करा.