ग्रेनाडा ते त्रिनिदाद, रात्रीच का? कॅप्टनसाहेबांना उत्तर

कॅप्टनसाहेब, नमस्कार.

ग्रेनाडा ते त्रिनिदाद या कॅरिबियन बेटांमधल्या आमच्या रात्रीच्या प्रवासावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "नवरा-बायको दोघंच, त्यातलं एक झोपलेलं, आणि काळोखात जहाजांच्या वाटेत अडतीस फुटी बोट. ही बेपर्वाई आहे. हा टप्पा दिवसा करायचा." तुमची हयात जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज हाकतात तिथे) गेली आहे, त्यामुळे दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. निम्मं पटलं, निम्मं नाही.

दिवसा जमलं असतं तर दिवसाच गेलो असतो. अंतर साधारण ८० सागरी मैल, आमची सरासरी ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल), म्हणजे १६ तास. जूनमध्येही तिथे पुरते १३ तास उजेड नसतो. काळोख वाटेत कुठेतरी गाठणारच. कुठे गाठू द्यायचा, एवढंच आपल्या हातात. पहाटे चारला निघालो तर रात्री आठला त्रिनिदादजवळच्या बोकास सामुद्रधुन्यांच्या तोंडाशी. बेटांमधल्या त्या चिंचोळ्या वाटांत पाण्याला विलक्षण ओढ असते (कोलंबसानं १४९८ साली त्यांना ड्रॅगनचं नाव दिलं), आणि मासेमारीच्या होडीवर दिवा असेलच असं नाही. संध्याकाळी पाचला नांगर उचलला, की ग्रेनाडाचे खडक उजेडात मागे पडतात आणि काळोख खोल, मोकळ्या पाण्यात सरतो. रात्रभर प्रवाह पश्चिमेला ढकलत असतो, म्हणून आम्ही सुकाणू मुद्दाम पूर्वेकडे धरतो. किती ढकललो गेलो, ते पहाटे त्रिनिदादचे डोंगर दिसले की डोळ्यांनी ताडून पाहता येतं. ग्रेनाडातच थांबायचं तर वादळांचा हंगाम तोंडावर होता. १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळानं ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटाची दैना केली, ती विसरता येत नाही.

"तुम्ही आम्हाला दिसतच नाही," हे तुमचं वाक्य मात्र शंभर टक्के मान्य. या पट्ट्यात यॉटवर लुटीचे प्रकार घडलेत, म्हणून काही जण दिवे आणि एआयएस (बोटीचं नाव नि जागा आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र) बंद ठेवून जातात. आम्ही दोन्ही चालू ठेवतो. रात्री दोनला माझी पाळी होती. हिबिस्कस गॅस प्लॅटफॉर्मचा झगमगाट मागे पडला होता, आणि समोर दोन पांढरे दिवे एकावर एक, खाली डाव्या बाजूचा तांबडा आणि उजव्या बाजूचा हिरवा दोन्ही. म्हणजे जहाज थेट आमच्या अंगावर. नवऱ्याला उठवलं, रेडिओच्या चॅनल १६ वर जहाजाचं नाव घेऊन हाक दिली. उत्तर आलं, आणि थोड्या वेळानं हिरवा दिवा दिसेनासा झाला, नुसता तांबडा उरला, म्हणजे जहाज वळलं होतं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आता जे चुकलं ते. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून मी एकटी, बोटीला बांधून ठेवणारा सुरक्षेचा पट्टा न अडकवता, डोलकाठीपाशी शीड आखूड करायला गेले, आणि ते लेखात कौतुकानं लिहिलं. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. ५ नॉटनं बोट मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. मी पडले असते तर त्याला जाग येईपर्यंत बोट कुठल्या कुठे गेली असती. तो परिच्छेद बदलला आहे. आता कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं ते दुसऱ्याला उठवून आणि पट्टा अडकवूनच.

एक विचारायचं होतं. दोन मीटरच्या लाटांत फायबरच्या बोटीचा रडारवर ठिपका तरी उमटतो का? डोलकाठीवर रडारच्या लहरी परतवणारा परावर्तक टांगलाय, पण ब्रिजवरून तो कसा दिसतो, ते तुम्हीच सांगू शकाल.